एकोणीस लिटर

मिलवॉकीचा वेंडल वीस वर्षं घरी बिअर बनवून एकेक बाटली भरत बसायचा. त्याला नळाचं पिंप हवं होतं, पण ते फ्रिजमध्ये मावायचं तर कप्पे काढावे लागतात, आणि फ्रिज बायकोचा.

"माझ्या कप्प्यांना हात तर लाव! मी मेल्यावर आण तुझं ते पिंप," इर्मा ओरडायची.

मार्चमध्ये इर्मा गेली. ऑक्टोबरमध्ये वेंडलनं एकोणीस लिटरचं पिंप आणलं, सगळे कप्पे काढून फ्रिजमध्ये बसवलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते उचलून दुकानात परत घेऊन गेला.

"काय हो वेंडल, गळतंय का?" दुकानातल्या टेसनं विचारलं.

"नाही."

"मग फ्रिजमध्ये बसलं नाही?"

"अगदी मापात बसलं."

"मग बिघडलं कुठे?"



"कुणी ओरडलंच नाही."