लासुर्ण्याचं इटालियन विमान

सुयोगने पांढऱ्या पट्ट्याची रुंदी तिसऱ्यांदा मोजली. महायुद्धातल्या इटलीच्या लढाऊ विमानांना शेपटीच्या अलीकडे असा पट्टा असे. शेपटीवर पांढरा क्रॉस आणि पंखांखाली, गोलात, काटक्यांच्या मोळ्या आणि कुऱ्हाडी. पट्ट्याची रुंदी मात्र एका पुस्तकात एक होती, दुसऱ्यात दुसरी.

बारामतीतल्या त्याच्या खोलीत विमानांची चाळीस मॉडेलं होती. हे एकेचाळिसावं सहा फुटी होतं आणि लासुर्ण्याच्या चौकात बसणार होतं. १९४२ साली, इंग्रजांच्या फौजेत असताना, गावच्या महिपती तात्यांनी आफ्रिकेच्या वाळवंटात मशीनगनने विमान पाडलं होतं. लढाई इटलीशी, तेव्हा विमानही इटलीचं. तात्या आता एकशे एक वर्षांचे. डोळे मिटायच्या आत स्मारक बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. उद्घाटन रविवारी.

शुक्रवारी सरपंच विजयसिंह काम बघायला आले. पंखाखालची मोळी बघून त्यांनी हे विमान कुठल्या साखर कारखान्याचं, असं विचारलं. सुयोगने ते इटलीचं सरकारी चिन्ह असल्याचं समजावून सांगितलं. सरपंचांना पटलं, पण कुऱ्हाडीऐवजी कोयता शोभला असता असं त्यांचं मत पडलं.

शनिवारी सुयोग पट्ट्याचा निकाल लावायला लासुर्ण्याला गेला. तात्यांपुढे त्याने सात फोटो मांडले. सहा इटलीचे आणि फरक कळावा म्हणून एक इंग्रजांचा.

तात्यांनी चष्मा पुसला. एकेक फोटो बाजूला सारला आणि निळ्या-पांढऱ्या-तांबड्या गोलांच्या विमानावर बोट ठेवलं.

सुयोगने उठून दार लोटलं. हे इंग्रजांचं, म्हणजे तुमच्याच फौजेचं, असं त्याने हळूच सांगितलं. तात्यांचं बोट हललं नाही.

"वयामुळं सरमिसळ झाली असंल, तात्या. मी मोळीच ठेवतो. कुणाला कळायचं न्हाय."

"गोल काढ."

"तात्या, उद्या सगळा गाव जमणार हाय. आपलंच विमान चुकून पाडलं म्हणून हसतील तुमाला."

"चुकून कोण म्हणलं?" तात्या म्हणाले. "साहेब छत्रीनं खाली उतरला, त्याला म्याच च्या पाजला. पर आदल्या आठवड्यात गावाकडनं पत्र आलं हुतं, इंग्रजाला चले जाव म्हणायचं ठरलंय म्हणून. माज्याजवळ मशीनगन हुती. म्या तिच्यातनं म्हणलं."