भेगेवरची काच

विहिरीत बादली सोडली की कोरड्या दगडावर आपटते.

मुलाची गोटी फरशीवर कुठेही ठेवा, घरंगळत पलंगाखालच्या कोपऱ्यातच जाते.

सासऱ्यांच्या बोटाला पुन्हा चिंधी.

मूल झोपतं त्या भिंतीच्या भेगेवर आडवी बसवलेली काचेची पट्टी. शाबूत.

"बघ, ढिम्म हललेली नाही," सासऱ्यांनी शेवटच्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी पट्टीवर टिचकी मारली होती. "आता घर दुरुस्त होणार, विहिरीला पाणी येणार. तुला नव्या वसाहतीत मिरवायचं होतं ना? मिरव आता इथेच."

"खालून खाणवाल्यांनी पोखरलं, वरून तुम्ही पोखरा," सून म्हणाली.

"माझ्या घरात राहून माझ्यावरच गुरगुरतेस?"

नियम भेगा तपासायला येणाऱ्या मोजणीवाल्याने दोघांनाही समजावला होता. पट्टी तडकली, तर खालची जमीन अजून सरकते आहे. मग घर सोडायचं, वसाहतीत जागा मिळेल. पट्टी टिकली, तर खाणीतली पोकळी राख-सिमेंटच्या गाऱ्याने भरायची, भेगा बुजवायच्या, विहीर खोल करायची. "हलत्या जमिनीत मात्र गारा ओतणार नाही," तो म्हणाला होता. "त्या वजनाने घरच खाली जाईल."

दर खेपेला पट्टी शाबूत निघायची. भिंत कुरकुरते हे तिला ऐकू यायचं. काचेला कसं येत नव्हतं कोण जाणे.

आज मोजणीवाल्याची शेवटची खेप. सकाळी सासरे चहा न घेताच पिशवी उचलून निघाले. जाताना मागच्या खोलीची खिडकी लावली, दार ओढून घेतलं. "मी येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

कळलं. ते वळणावरून दिसेनासे होताच ती आत गेली. काचा मुलाच्या अंथरुणावर उडू नयेत म्हणून अंधारातच पट्टीवर ओलं फडकं धरलं, डोळे मिटले आणि हातोडी घातली.

सासरे परतले ते काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन. भिंत पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"बाजूला हो."

"का? जमिनीने केलंय. जमिनीलाच विचारा."

मोजणीवाला येईपर्यंत ती भिंतीपासून हलली नाही. पुडकं कपाटामागे गेलं.

मोजणीवाल्याने गिलाव्यातल्या खळग्यावरून बोट फिरवलं. "जमीन काच चिरते, बाई. ठेचत नाही. हा हातोडीचा घाव आहे."

"हिचंच काम!" सासरे कडाडले. "वसाहतीचं वेड लागलंय हिला!"

तिने पदर खोचला आणि पायाखालच्या काचा गोळा करायला घेतल्या.

"इतके महिने टिकलेली काच तुम्ही फोडलीत, म्हणजे जमीन स्थिर आहे," तो म्हणाला. "उद्या यंत्र येईल."

आलं. अंगणात नळी रोवली गेली, गारा गटगट खाली जाऊ लागला. सासऱ्यांनी कुणाला न सांगता मुलाचं अंथरूण पुढच्या खोलीत आणून टाकलं. म्हातारा नरमला, असं तिला वाटलं.

काल सकाळी ती हातोडी शोधत होती, तेव्हा सासरे काचवाल्याच्या दुकानात उभे होते. पहाटे तडकलेल्या पट्टीच्या जागी नवी हवी होती. काचवाल्याने माप विचारलं नाही. त्याला ते पाठ झालं होतं.