गालिच्यावरची कांगडी

श्रीनगरबाहेर आम्ही नवं घर घेतलं आणि पहिल्याच हिवाळ्यात कळलं, घर कसलं, बर्फाची पेटीच. ते गरम कशाने करायचं यावर आमच्या ह्यांनी महिनाभर डोकं खाल्लं. लाकडं जाळायच्या बुखारीने भिंती काळ्या होतात, गॅसच्या हीटरने डोकं दुखतं. शेवटी विजेचा हीटर आला, आणि त्याच आठवड्यात वीज गेली ती गेलीच.

सासरे फिरनच्या पायघोळ अंगरख्यात हात आखडून ह्यांना म्हणाले, "अवतार, मला आपली एक कांगडी आणून दे रे. चार निखारे पोटाशी धरून गप बसेन."

"बाबा, खाली गालिचा आहे! एक ठिणगी पडली की संपलं. आणि नव्या घरात टोपलीतली शेगडी घेऊन फिरणार तुम्ही? येईल वीज आता."

गालिचा माझ्या माहेरचा, म्हणून मीही गप्प बसले. सासऱ्यांनी पुन्हा मागितली नाही. बर्फ वितळायच्या आत ते गेले.

आमच्यात संक्रांतीला गेलेल्या माणसाच्या नावाने पेटती कांगडी दान करतात. तिची ऊब त्याला पोचते म्हणे. यंदा हे स्वतः कांगड्यांसाठी नावाजलेल्या चरार गावी जाऊन रंगीत वेताची, सगळ्यात महागडी कांगडी घेऊन आले. काठोकाठ निखारे भरले आणि त्याच गालिच्यावर गुरुजींसमोर ठेवली.



"नीट पेटलीय ना, गुरुजी?" हे हात जोडून म्हणाले. "आमच्या बाबांना थंडी मुळीच सोसत नाही."