सात बाकं

ज्येष्ठ नागरिक संघात मी चाचरत व्याख्यान दिलं. ताऱ्याचा प्रकाश फोडतात, त्यातल्या रेषा पाहतात आणि वर्ग ठरवतात: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. ओ सर्वांत तप्त, तेजस्वी आणि निळा, एम सर्वांत थंड, मंद आणि लाल.

माझं चुकलंच. बागेत संघाची बाकंही सातच होती.

दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येक बाकावर खडूने अक्षर काढलेलं होतं. ओच्या बाकावर तापट मंडळी बसली होती, आणि तिथेच कर्णिकबाई. त्यांच्याशेजारी बसायचा धीर मला दोन वर्षं होत नव्हता.

"तुम्ही एम," अध्यक्ष ढमढेरे ओच्या बाकावरून गरजले. "तुम्हाला कधी राग आलेला कुणी पाहिलाय?"

मी मुकाट्याने शेवटच्या बाकावर गेलो.

"बरं, आम्हा ओवाल्यांचं आयुष्य किती हो?" ढमढेऱ्यांनी विचारलं.

"सर्वांत कमी," मी पुटपुटलो. "भराभर जळून जातात. सर्वांत जास्त टिकतात ते एम."

मग काठ्या आणि गुडघे सावरत सगळा संघ माझ्या बाकावर येऊन आदळला.

"सरका हो, मी मुळातच थंड आहे!" ढमढेरे ओरडले. त्या रेट्यात मी बाकाबाहेर फेकला गेलो.

ओच्या बाकावर एकट्या कर्णिकबाई उरल्या होत्या. त्यांनी शेजारची पिशवी मांडीवर घेतली.

"या, बसा. मला बाई उजेडच आवडतो."

मी बसलो. माझे कान लालभडक झाले, पण थंड मुळीच नव्हते. व्याख्यानात माझंच काहीतरी चुकलं असावं.