फळीवरचा दुसरा

उरणच्या किनाऱ्यावरच्या गढूळ पाण्याला लाटा म्हणायला आशुतोषची जीभ वळायची नाही. बालीला जाऊन आल्यापासून तर नाहीच. पण खारघरच्या फ्लॅटमधून निघून रविवारी दुसरं जाणार तरी कुठे? पाय घसरू नये म्हणून सर्फबोर्डावर मेण घासता घासता तो सुकट वाळवणाऱ्या बायांकडे बघून नाक मुरडत होता.

त्यातली म्हातारी धाकलीबाई म्हणाली, "मागच्या रविवारीपन बगितला तुला. दोगं जनं एका फलीवर कशाला रं उबे रवता? बुरेल ना ती!"

"मावशी, मी एकटाच असतो. डोळे तपासून घ्या."

बोर्डाची दोरी घोट्याला अडकवून तो पाण्यात शिरला. "अडाणी साले," तो पुटपुटला.

पहिलीच लाट बरी मिळाली. तो उभा राहिला, तोल जाणार एवढ्यात बोर्ड सावरला. मागच्या टोकावर कुणी पाय रोवावेत, तसा. त्याने वळून खाली पाहिलं. ताज्या मेणावर, त्याच्या पावलांमागे, आणखी दोन पावलांचे ठसे उमटले होते. त्याच्या डोळ्यांदेखत त्यांच्यापुढे तिसरा उमटला.

तो पाण्यात कोसळला. वर आला तेव्हा घोट्याला दोरी नव्हती. बोर्ड मात्र उलटला नव्हता. रिकामा बोर्ड लाटेवरून सरळ, संथ, किनाऱ्याकडे चालला होता.

आशुतोष जिवाच्या आकांताने ओरडला. धाकलीबाईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती बोर्डाकडे बघून कौतुकाने हसत होती.

"बरा केलास रं पोरा! उतरवलास ना त्याला?"