सप्रेम भेट

नव्वदच्या युद्धात कुवेतहून पळणारी लाँच कुब्बर बेटाजवळ बुडाली. तिच्यावर वेल्डर जयरामचे वडील होते. "त्यांची एखादी तरी वस्तू शोध रे," म्हणून जयराम हात धुऊन माझ्या मागे लागला होता. दर शुक्रवारी मी सिलिंडर बांधून बुडी मारायचो नि रिकाम्या हातांनी वर यायचो. आज स्टीलचा डबा सापडला. शुवैखच्या गॅरेजमध्ये जयरामने तो तारेच्या ब्रशने खसाखसा घासला. झाकणावर अक्षरं दिसली: 'सप्रेम भेट, मामा'. "कुणाचा मामा? अक्षरामागे पैसे पडतात म्हणून आडनाव गाळायचं?" मी वैतागलो. जयरामने मालवणला व्हिडिओ कॉल लावून डबा आईसमोर धरला. इतकी वर्षं नवऱ्याचे दिवस घालू न देणारी म्हातारी बघत राहिली. "आमचोच," ती म्हणाली. "आता घाल दिवस." जयराम फोन छातीशी दाबून चरफडला, "आमका कोणाकच मामा नाय."