नागपूरच्या भगिनीसाठी

१९९९ साली शांतवनकाका बंगळूरमधल्या चामराजपेटच्या इंटरनेट ब्राउझिंग सेंटरातून साठ जणांना रोज ‘आजचे मनन’ ई-मेल करत, आणि उत्तर एकाचंही येत नसे. त्यांच्याच चर्चच्या मंडळीतल्या शुलमिथने मात्र आपल्या नव्या ख्रिस्ती कादंबरीचं पहिलं प्रकरण इंटरनेटवर टाकलं काय, खालच्या गेस्टबुकात, म्हणजे वाचकांच्या अभिप्रायवहीत, दुबईपासून सोलापूरपर्यंतची माणसं ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणत धावत आली! काकांच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना. शेवटी त्यांनीही तिथे लिहिलं, पण ‘नागपूरची एक भगिनी’ या नावाने: ‘तुमची गोष्ट वाचून माझा विश्वास डळमळला.’

रविवारच्या मराठी उपासनेत पाळकसाहेबांनी प्रार्थनेचे विषय विचारले, तशी शुलमिथ डोळे पुसत उठली. “माझ्यामुळे नागपूरच्या एका बहिणीचा विश्वास डळमळलाय. तिला शांती मिळेपर्यंत मी पुस्तक छापणार नाही.”

“शांतवनराव, तुम्ही मंडळीत वडील,” पाळकसाहेब म्हणाले. “प्रार्थनेत आम्हाला तुम्हीच चालवा.”

काकांनी चालवलं, आणि असं चालवलं की सगळी मंडळी रडली. “काका, आता तिला शांती मिळणारच,” शुलमिथ म्हणाली.

सोमवारी सेंटर उघडताच काकांनी भगिनीच्या नावाने गेस्टबुकात लिहिलं: ‘काल सकाळी अचानक शांती लाभली. ताई, पुस्तक खुशाल छापा. आणि हो, बंगळूरचे कुणी शांतवनराव रोज फार सुंदर मनन पाठवतात म्हणे. त्यांचा पत्ता मिळेल का?’